लिलावातला टेलिफोन ओळखावा कसा?

आजकाल 'बरोबर नेता येणारा फोन' म्हटले की हात आपोआप खिशाकडे जातो. आपल्या देशात मोबाइल फोनवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, आणि आता शेताच्या बांधावरही हा फोन वाजतो. पण फिरता टेलिफोन ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. पूर्वी माणसे खांद्याला पट्टा अडकवून टेलिफोन नेत असत. फरक एवढाच, की त्याला तार लागे. माणूस जाईल तिथे तार न्यायची, नाहीतर तार जिथून गेली असेल तिथे जाऊन फोन तिला जोडायचा.

असे जुने फोन अजूनही अधूनमधून बाहेर पडतात. एखाद्या कचेरीतल्या निकामी सामानाचा लिलाव होतो, एखादा कारखाना मोडीत निघतो, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ढिगाखाली एखादी पेटी दिसते. चामड्याची पिशवी, बाजूला फिरवायचे हँडल, आत काळा रिसीव्हर. विकणारा सांगतो, "राजवाड्यातला आहे साहेब." दुसरा सांगतो, "पहिल्या महायुद्धातला, कर्नलसाहेबाचा." घेणारा हौसेने बोली लावतो आणि घरी आणल्यावर प्रश्न पडतो, की हे नेमके आहे तरी काय?

उत्तर मिळाले नाही तर पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर खोटी चिठ्ठी लावून तो फोन कपाटात जाऊन बसतो. नाहीतर आतले तांबे आणि लोहचुंबक काढून घेण्यासाठी त्याच्यावर हातोडा पडतो. दोन्हींमुळे एक चांगला पुरावा नाहीसा होतो. मी इतिहास शिकवतो. जुना कागद हाती आला की आम्ही प्रथम त्याचा अंतर्गत पुरावा पाहतो: कागद कसला, शाई कसली, शिक्का कोणाचा. लोक त्याविषयी काय सांगतात, ते मागाहून. वस्तूचेही तसेच आहे. विकणाऱ्याची गोष्ट बाजूला ठेवून त्या पेटीलाच चार प्रश्न विचारले, तर ती बरेच काही सांगते.

प्रश्न विचारण्याआधी टेलिफोनच्या पोटात काय असते, ते थोडक्यात पाहू. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज उघडले. पुढे यंत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण कामे तीनच राहिली: बोलणे, ऐकणे आणि पलीकडच्या माणसाला हाक मारणे.

बोलण्याच्या बाजूला कार्बनच्या बारीक दाण्यांची एक डबी असते. आपण बोललो की तिच्या तोंडावरचा पातळ पडदा थरथरतो. दाणे दाबले गेले की वीज सहज वाहते, सैल झाले की अडते. आवाजाचा चढउतार असा विजेच्या चढउतारात उतरतो. ऐकण्याच्या बाजूला चुंबक, तारेचे वेटोळे आणि लोखंडी चकती असते. विजेच्या चढउताराने चकती हलते आणि आवाज पुन्हा उमटतो. हाक मारण्यासाठी हँडल. हँडल फिरवले की नालाच्या आकाराच्या चुंबकांमध्ये तारेचे वेटोळे फिरते आणि वीज तयार होते. सायकलच्या दिव्याचा डायनामो ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. ह्या भागाला मॅग्नेटो म्हणतात. त्याची वीज तारेतून जाते आणि पलीकडची घंटा वाजते.

आता पहिला प्रश्न. ह्या फोनजवळ स्वतःची बॅटरी ठेवायला जागा आहे का?

मोठ्या शहरांत पुढे अशी सोय झाली, की बोलण्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटरीतूनच तारेने घरी येई. तशा फोनच्या पोटात सेल नसतो. पण डोंगरावर, रानात किंवा रणांगणावर नेण्याच्या फोनला ही वीज कोण पुरवणार? त्याला आपली शिदोरी आपल्याजवळच बाळगावी लागते. म्हणून पेटीत सेल बसवायचा कप्पा आणि पितळी पट्ट्या दिसल्या, वर उचलायला पट्टा किंवा कडी असली, तर तो बहुधा रानावनात नेण्याचा फोन. लष्करी भाषेत त्याला 'फील्ड टेलिफोन' म्हणतात. अशा फोनच्या रिसीव्हरच्या मुठीत बहुधा एक खटकाही असतो. तो दाबून धरला तरच बोलण्याचा भाग सुरू होतो. कारण उघड आहे. आडरानात नवे सेल कुठून आणायचे? तेव्हा ऐकताना ते खर्ची पडू नयेत.

दुसरा प्रश्न. हाक मारण्याचे साधन कोणते?

हँडल असेल तर मॅग्नेटो आहे. आपल्याकडच्या लहान गावांच्या पोस्टात आणि छोट्या एक्स्चेंजमध्ये हँडलचे फोन पुष्कळ वर्षे होते. हँडल फिरवायचे, ऑपरेटरला नंबर सांगायचा आणि ट्रंक कॉल लागण्याची वाट पाहत बसायचे, हे वडीलधाऱ्यांना चांगलेच आठवत असेल. पण ते फोन भिंतीवरचे किंवा टेबलावरचे. पेटीला बंद होणारे झाकण आणि खांद्याचा पट्टा आहे की नाही, यावरून हा भेद लगेच कळतो.

हँडलऐवजी भुणभुणणारा बझर आणि तार खात्यासारखी खटखट करायची कळ असेल, तर पेटी बहुधा लष्करी आहे. तिच्यावरून बोलताही येई आणि मोर्सच्या खुणांनी संदेशही पाठवता येई.

डायल असेल, तर तो फोन स्वयंचलित एक्स्चेंजच्या काळातला. पट्ट्याला अडकवायचा, चिमटे लावलेला असा डायलचा फोन हा बहुधा लाइनमनचा. खांबावर चढून तारेला चिमटे लावायचे आणि लाइन चालू आहे की नाही ते पाहायचे, हे त्याचे काम.

आणि हँडल, बझर, डायल यांतले काहीच नसेल तर? तर तो फोन मोडका असेलच असे नाही. रेल्वेच्या गार्डजवळ पूर्वी असा फोन असे. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी अडकली, की गार्ड खाली उतरून लांब काठीच्या टोकाचे आकडे रुळांकडेच्या खांबांवरील तारांना अडकवी आणि थेट कंट्रोलरशी बोले. कंट्रोलरच्या कानाशी ती लाइन सतत उघडी असे. त्याला घंटा वाजवून उठवण्याची गरजच नसे. पुढे बऱ्याच मार्गांवर तारा जमिनीखालून गेल्या आणि रुळांकडेला फोन जोडण्यासाठी ठरावीक अंतरावर खोके बसवले गेले. म्हणून लांब वायर, आकड्यांची जोडकाठी किंवा जाड पिनांचा प्लग दिसला, तर रेल्वेकडे पाहावे.

तिसरा प्रश्न. तार जोडायचे खिळे किती आणि त्यांच्यावर अक्षरे कोणती?

'एल १' आणि 'एल २' अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर जायला एक तार आणि यायला एक, असा दोन तारांचा फोन. पण काही पेट्यांवर 'एल' आणि 'ई' अशी अक्षरे दिसतात. 'एल' म्हणजे लाइन आणि 'ई' म्हणजे अर्थ, अर्थात जमीन. तार एकच टाकायची. विजेचा परतीचा रस्ता जमिनीतून. जमिनीत लोखंडी खुंटी ठोकायची, थोडे पाणी ओतायचे, की काम भागले. तारेचा निम्मा खर्च वाचला.

ह्या काटकसरीची पहिल्या महायुद्धात मात्र भारी किंमत पडली. युरोपातल्या खंदकांत दोन्ही सैन्ये अगदी जवळ होती. एकाच्या फोनची वीज जमिनीतून पसरे, आणि पलीकडच्यांनी आपल्या खुंट्या ठोकून, आवाज मोठा करणारी यंत्रे लावून ते बोलणे ऐकायला सुरुवात केली. हल्ला कुठे होणार, पलटण कधी बदलणार, सारे शत्रूच्या कानावर जाऊ लागले. मग दोन तारांना पीळ देऊन त्या वापरण्याची सक्ती आली. १९१५ साली फुलर नावाच्या ब्रिटिश कॅप्टनने असे यंत्र काढले, की त्याच्या खुणा चोरून ऐकणे फार अवघड होते. त्याला 'फुलरफोन' असेच नाव पडले. पेटीवर हे नाव दिसले तर ती जपून ठेवावी. दिसायला ती साधीच असते, पण युद्धातल्या एका मोठ्या धड्याची ती साक्षीदार आहे.

चौथा प्रश्न. पेटी कशाची आहे आणि तिच्यावर शिक्का कोणाचा?

लाकूड, चामडे आणि पितळ हे जुने साहित्य. पण तेवढ्यावरून काळ ठरवू नये, कारण ते पुढेही वापरात राहिले. उलट बाजूने मात्र पक्की अटकळ बांधता येते. बेकलाइट हा काळा, कडक पदार्थ १९०७ साली शोधला गेला आणि टेलिफोनच्या मुठीसाठी १९३० च्या सुमारास रूढ झाला. तेव्हा बेकलाइटची मूठ असलेला फोन '१९१४ सालचा' म्हणून कोणी देऊ लागला, तर एक तर मूठ बदललेली आहे नाहीतर गोष्ट बनावट आहे. अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रूही १९३० नंतरच्या दशकातच प्रचारात आला. एखादाच तसा स्क्रू असेल तर मागाहून दुरुस्ती झाली असेल. सगळेच तसे असतील तर सावध व्हावे.

शिक्क्यांनी काम आणखी सोपे होते. बाणाच्या टोकासारखी खूण असेल, तर ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची. ब्रिटिश सैन्याच्या फोनांना 'सेट डी', 'सेट एफ', 'सेट जे' अशी अक्षरी नावे होती. १९३३ साली जर्मन सैन्याने घेतलेला फोन काळ्या बेकलाइटच्या पेटीतला. त्याच्या झाकणाच्या आत अक्षरे उच्चारण्याचा तक्ता असतो. 'जी. आय. पी.' किंवा 'बी. बी. अँड सी. आय.' ही अक्षरे म्हणजे आपल्या जुन्या रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी त्या अनुक्रमे मध्य आणि पश्चिम रेल्वेत गेल्या, तेव्हा शिक्का त्याआधीचा. फोन मात्र त्यानंतरही वापरात राहिला असू शकतो. 'आय. टी. आय.' म्हणजे १९४८ साली बंगळूरला सुरू झालेला सरकारी टेलिफोन कारखाना. त्या शिक्क्याचा फोन ब्रिटिश अमदानीतला असणे शक्यच नाही. डाक-तार खात्याचा शिक्का असेल, तर तो १९८५ पूर्वीचा. त्या साली त्या खात्याची दोन खाती झाली.

आता हे प्रश्न एका खऱ्या वस्तूला लावून पाहू. माझ्या परिचयाच्या एका माध्यमिक शिक्षकांनी तालुक्याच्या गावी लिलावात एक पेटी घेतली. "सर, पहिल्या महायुद्धातला, इंग्रज कर्नलचा," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आम्ही दोघे टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. चामड्याची पिशवी, खांद्याचा पट्टा, वजन चार-साडेचार किलो. म्हणजे नेण्याआणण्याचा फोन. आत टॉर्चच्या मोठ्या सेलएवढ्या दोन सेलांची जागा. म्हणजे शिदोरी जवळची. बाजूला दुमडणारे हँडल. म्हणजे मॅग्नेटो. मूठ काळी, बेकलाइटसारख्या पदार्थाची, तिच्यात दाबायचा खटका. इथेच १९१४ ची गोष्ट डळमळली. तारांच्या खिळ्यांवर 'एल १', 'एल २'. शेवटी मऊ फडक्याने आतली पट्टी पुसली, तर अमेरिकेच्या 'सिग्नल कोअर' ह्या संदेशवहन दलाचे नाव आणि पुढे 'ईई-८'.

एवढ्यावर ओळख पटली. ईई-८ हा अमेरिकन सैन्याचा, १९३० नंतरच्या दशकातला फोन. दुसऱ्या महायुद्धात तो सर्वत्र गेला आणि पुढे कोरिया व व्हिएतनामच्या युद्धांतही वापरला गेला. आरंभीच्या पिशव्या चामड्याच्या, नंतर कॅनव्हासच्याही झाल्या. आत स्क्रूने फिरवायची एक सोय असते. ती एका बाजूला ठेवली तर फोन स्वतःच्या सेलवर चालतो, दुसऱ्या बाजूला ठेवली तर एक्स्चेंजच्या बॅटरीवर. असा फोन आपल्याकडे कसा आला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य आसाम-बंगालमध्ये होते, ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीला तिथून रसद जाई. लढाई संपल्यावर त्यांचे पुष्कळ सामान इथेच राहिले आणि विकले गेले. ही एक पेटी नेमकी त्याच वाटेने आली, असे शपथेवर सांगता येणार नाही. पण वाट होती, एवढे खरे. म्हणून चिठ्ठीवर आम्ही एवढेच लिहिले: 'अमेरिकन सैन्याचा फील्ड टेलिफोन, ईई-८, तालुक्याच्या लिलावात घेतला,' आणि खाली तारीख. इंग्रज कर्नल गेले आणि खरी हकीकत हाती आली.

शिक्षक-बंधुभगिनींनो, काही पथ्ये मात्र सांभाळावी लागतात. जुने सेल आत फुटून पट्ट्या खातात. ते आधी काढावेत. हाताला पांढरी किंवा हिरवी पूड लागली तर हात धुवावेत. पितळी पाटी चिंच किंवा ॲसिड लावून घासू नये. चमक येते आणि अक्षरे जातात. मॅग्नेटोचे चुंबक उगीच सोडवू नयेत. सुटे झाले की त्यांचा जोर कमी होतो. हँडल फिरवताना तारांच्या खिळ्यांना बोट लावू देऊ नये. त्यातून सत्तर-ऐंशी व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त वीज येते, आणि झटका चांगलाच बसतो. मुलांना गंमत म्हणून किंवा ओढ्यातल्या माशांवर असा प्रयोग कधीही करू देऊ नये. हा फोन घरच्या विजेला जोडू नये, आणि आजच्या टेलिफोन लाइनलाही जोडू नये. हँडलच्या विजेने आताची नाजूक उपकरणे बिघडतील.

बाजारात नवे पितळी 'जुने फोन'ही मिळतात. ते शोभेसाठी ठीक, पण पेटी हलकी, सगळे स्क्रू एकसारखे नवे, आत चुंबक नाही आणि झिजेची खूण नाही, असे असेल तर ती वस्तू कालपरवाची. हँडलची मूठ, खटका, पट्ट्याची भोके हे जिथे माणसाचा हात लागतो ते भाग आधी पाहावेत. खरी झीज तिथेच असते.

आणि जमल्यास फोन जोडीने घ्यावा. एकटा टेलिफोन मुकाच राहणार. लिलावात एका ढिगात दोन पेट्या असतील आणि भंगाराच्या भावाने जात असतील, तर एक शोभेला आणि दुसरी वितळवायला, असे होऊ देऊ नये. दोन्ही फोनमध्ये नवे सेल घालावेत. तारांचे एक टोक इकडे, दुसरे तिकडे जोडावे. एक फोन वर्गात, दुसरा मैदानापलीकडच्या वडाखाली. हँडल फिरवले की तिकडे घंटा खणखणेल. आवाज पुसट आला तर बोलण्याची डबी तळहातावर हलकेच आपटावी. वर्षानुवर्षे पडून तिच्यातले दाणे धरलेले असतात, ते मोकळे होतात. मग मुलांना विचारावे: इथे मनोरा नाही, एक्स्चेंज नाही, विजेचा खांब नाही, मग आवाज गेला कसा? विजेचा जो धडा पुस्तकातून चार दिवस समजत नाही, तो एका तासात समजेल.

आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हँडलचे फोन तर त्याआधीच गेले. ते चालवणारी ऑपरेटर मंडळी, खांबांवर चढणारे लाइनमन, रात्री रुळांवर उतरणारे गार्ड आज साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत, पण आपल्याच गावांत आहेत. तेव्हा पेटी ओळखून झाली की एक काम आणखी करावे. त्यांच्यापैकी कोणाला तरी शाळेत बोलवावे, ती पेटी त्यांच्या हातात द्यावी आणि हे कसे वापरत होता, ते मुलांसमोर सांगायला लावावे. मुलांनी ते वहीत लिहून घ्यावे आणि वही त्या पेटीशेजारी ठेवावी.